छोट्या हॉलातल्या गिगला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

कोल्हापुरात लाइव्ह म्युझिक म्हटलं की लोकांना मैदानावरचं मोठं स्टेज नाहीतर गणपतीतला साउंडच आठवतो, पण खरी मजा साठ-सत्तर खुर्च्यांच्या छोट्या जागेतल्या गिगमध्ये, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमात आहे, तिथं गाणाऱ्यानं घेतलेला श्वास पण ऐकू येतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून तर मला असल्या जागा लईच जवळच्या वाटायला लागल्यात.

पहिलं म्हणजे वेळेत जा. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही आणि बंद हॉलवाले पण शेजारपाजार बघून तेव्हाच आवरतात, त्यामुळं सातच्या कार्यक्रमाला साडेआठला घरातनं निघालात तर शेवटची दोन गाणीच हाताला लागतात. आणि सुरुवातीला नवीन पोरांचा बँड असतो तो चुकवू नका, त्यांना समोर माणसं दिसायला पाहिजेत.

तिकीट काढा. ओळख काढून पास मागायची आपल्याकडं जुनी सवय आहे, ती इथं सोडा. ५० जणांनी २०० दिले तर होतात १०,००० आणि त्यात जागेचं भाडं, साउंडवाला, बँडचा प्रवास सगळं बसवायचं असतं. दहा जण फुकट घुसले की २,००० गेले, आणि ते बहुतेक वेळा वाजवणाऱ्याच्याच वाट्यातनं जातात.

आता बसायचं कुठं, हे नीट ऐका. साउंडवाला आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर घेऊन बसलेला असतो ना, त्याच्या आसपास जागा धरा, कारण तो स्वतःच्या कानाला जे ऐकू येतंय त्यावरच आवाज बसवतो. भिंतीला चिकटून किंवा कोपऱ्यात बसलात तर बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, नुसता घुमतो. एकदम पुढं बसलात तर ड्रम थेट अंगावर येतो आणि गाण्याचे शब्द मात्र कळत नाहीत, कारण मोठ्या स्पीकरचा आवाज तुमच्या दोन्ही बाजूनं मागं निघून जातो. आवाज मोठा असेल तर मेडिकलमधनं फोमचे इअरप्लग घेऊन ठेवा, १०० डेसिबलला कानाला सुरक्षित वेळ साधारण १५ मिनिटंच धरतात आणि पुढं दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर पुढच्या वेळी लांब बसा.

मोबाइल खिशात ठेवा, एखादा फोटो ठीक आहे. गाण्याची संस्था असलेला इथला देवल क्लब १८८३ पासूनचा, शाहू महाराजांच्या दरबारी गायक अल्लादिया खाँसाहेब होते, शांत बसून ऐकणं या गावाला काय नवीन नाही. गेल्या पावसाळ्यात एका गिगला मधेच लाइट गेली, पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता, तर गाणारी पोरगी माइक ठेवून खुर्च्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तशीच गायली. आम्ही सगळे पुढं वाकून ऐकत होतो, खुर्ची पण कुणी सरकवली नाही.

संपल्यावर लगेच पळू नका. पोरं वायरी गुंडाळत असतात, जाऊन बोला, "भारी झालं" एवढ्यावर सोडू नका, कुठलं गाणं आवडलं ते सांगा, त्यांना ते लक्षात राहतं. जेवण पण नंतरच ठेवा, तांबडा-पांढरा ओरपून आलात तर तिसऱ्या गाण्याला डोळे मिटायला लागतात. आम्ही तर बाहेर पडून आधी गंगावेशीत दूध प्यायला जातो, बऱ्याचदा बँडवाल्यांना घेऊनच.