टेन्सचे प्रश्न चुकतायत? सिन्स दिसला की लगेच टिक करू नका

टेन्सचे बारा प्रकार तोंडपाठ, फॉर्म्युले पाठ, क्रियापदाची तिन्ही रूपं झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील, आणि तरीही गाळलेल्या जागांमध्ये मार्क जातात, ही तक्रार खूप मुलांची असते. ग्रामर कच्चं असतं असं नाही, प्रश्न वाचायची सवय चुकीची लागलेली असते. सिन्स म्हणजे परफेक्ट, येस्टरडे म्हणजे पास्ट, ऑलरेडी म्हणजे हॅव, असा एक तक्ता डोक्यात बसलेला असतो, डोळे तो एकच शब्द शोधतात आणि सापडला की पर्याय टिक. पेपर काढणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं, म्हणून तो नेमका तोच शब्द आमिषासारखा टाकून ठेवतो. त्यामुळे आधी वाक्यातलं दुसरं क्रियापद शोधा, निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच असतं.

सिन्सचंच बघा. 'सिन्स ही ___ इल, ही डिड नॉट अटेंड द मीटिंग.' पर्याय आहेत हॅज बीन, वॉज, इज, विल बी. सिन्स बघून बरेच जण हॅज बीन मारतात. पण इथे सिन्सचा अर्थ 'पासून' नाहीच, 'कारण' आहे, आणि पलीकडे डिड नॉट सरळ सांगतंय की सगळं भूतकाळात झालं, म्हणून वॉज. दुसरं, 'आय हॅव नोन हर सिन्स वी ___ चिल्ड्रन.' इथे परफेक्ट आधीच वापरून झालाय, सिन्सच्या पुढे सुरुवात कुठून झाली तो क्षण येतो आणि तो साध्या पास्टमध्ये, म्हणजे वेअर. फॉरचंही तसंच आहे. 'ही वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स अँड देन जॉइन्ड अ बँक' यात फॉर असूनही हॅज येत नाही कारण ते काम संपलंय.

आता मराठीतून थेट उचलल्यामुळे होणाऱ्या दोन चुका, आणि एरर शोधायच्या प्रश्नात याच सगळ्यात जास्त निसटतात कारण वाक्य कानाला बरोबरच वाटतं. 'मी तीन वर्षांपासून इथे काम करतोय' हे आपण 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' असं करतो. यात एक नाही, दोन चुका आहेत: अ‍ॅमच्या जागी हॅव बीन पाहिजे, आणि कालावधी मोजलाय म्हणून फॉर पाहिजे, सिन्स फक्त सुरुवातीच्या बिंदूला, जसं की सिन्स 2018. दुसरी चूक 'काल मी गेलो होतो' वाली. आपल्याकडे 'होतो' लावणं अगदी नॉर्मल आहे, म्हणून हात आपोआप 'आय हॅड गॉन देअर येस्टरडे' लिहितो. पण हॅड यायला भूतकाळातलीच दुसरी एखादी गोष्ट लागते जिच्या आधी हे झालं, तशी काही नसेल तर साधं वेंट. आणि आय हॅव गॉन येस्टरडे तर अजिबातच नाही, येस्टरडे, अगो, लास्ट वीक, इन 2019 असं संपलेल्या काळाचं नाव घेतलं की हॅव-हॅज बाद.

हॅडची गंमत बाय द टाइममध्ये नीट कळते. 'बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन ___.' उत्तर हॅड लेफ्ट. आता फक्त रीच्डचं रीच करा, बाकी वाक्य तेच, आणि उत्तर होतं विल हॅव लेफ्ट. एका छोट्याशा प्रत्ययावर पूर्ण प्रश्न फिरतो, आणि घाईत वाचणाऱ्याला तो दिसतच नाही. पण म्हणून दोन घटना दिसल्या की हॅड ठोकायचं असंही नाही, 'ही ओपन्ड द डोअर अँड ___ इन' यात घटना जशा घडल्या त्याच क्रमाने सांगितल्यात, मागे जायचं काही कारण नाही, वॉक्ड पुरे.

यापेक्षा जास्त गोंधळ व्हेन आणि इफचा. नियम सगळ्यांना पाठ असतो की इफ, व्हेन, अन्टिल, अनलेस, अ‍ॅज सून अ‍ॅज यांच्यानंतर विल लावायचं नाही. 'आय विल टेल हिम व्हेन ही ___' इथे कम्स, बरोबर. मग 'आय डू नॉट नो व्हेन ही ___' आलं, बोलणं पुढच्या आठवड्यातल्या येण्याबद्दल चाललंय, तरी तिथेही कम्स टिक होतं, आणि उत्तर असतं विल कम. ओळखायला एक सोपी युक्ती आहे, पहिल्या भागाला मराठीत प्रश्न विचारा. सांगेन, कधी सांगेन? तो आल्यावर. कधी किंवा कुठल्या अटीवर याचं उत्तर मिळालं की विल नको. माहीत नाही, काय माहीत नाही? तो कधी येईल ते. काय या प्रश्नाचं उत्तर असेल तर विल खुशाल चालतं. ही एक गोष्ट पक्की झाली ना, की या टाइपचे प्रश्न चुकणं जवळपास बंदच होतं, खरंच करून बघा.

बाकी काही ठरलेल्या जागा आहेत, त्या पाठच करा, त्यात डोकं लावत बसू नका. इट इज हाय टाइम नंतर बोलणं आत्ताचं असलं तरी पास्ट, म्हणजे यू स्टार्टेड. धिस इज द फर्स्ट टाइम नंतर हॅव, तेच दॅट वॉज झालं की हॅड. नो सूनर हॅड नंतर दॅन, हार्डली हॅड नंतर व्हेन. इफ आय हॅड नोन असेल तर पलीकडे वुड हॅव. नो (म्हणजे माहीत असणं), बिलाँग, ओन यांना आयएनजी लावत नाहीत, आणि हॅवलाही मालकी किंवा नातं सांगताना नाही, 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' थेट चूक, पण 'वी आर हॅविंग लंच' चालतं. आणि रिपोर्टेड स्पीचमध्ये 'द टीचर सेड दॅट वॉटर ___ अ‍ॅट 100 डिग्री सेल्सिअस' आलं तर परीक्षेत बॉइल्सच अपेक्षित असतं, सेड बघून बॉइल्ड करायला जाऊ नका.

सोडवताना एक करा, पर्याय हाताने झाका. आधी वाक्य पूर्ण वाचा, फुलस्टॉपपर्यंत, दुसरं क्रियापद कुठल्या काळात आहे ते बघा, मनात उत्तर ठरवा आणि मगच हात काढा. तरीही दोन पर्याय उरले तर टेन्स थोडा वेळ बाजूला ठेवून कर्ता बघा. 'वन ऑफ माय फ्रेंड्स ___ जस्ट लेफ्ट' यात हॅज आणि हॅव दोन्ही प्रेझेंट परफेक्टच आहेत, तिथे काळ काहीच सांगणार नाही, कर्ता फ्रेंड्स नसून वन आहे एवढं दिसलं की हॅज.