लाइव्हसाठी बेस अँप आणि कॅबिनेट घेताना

गिटारवाल्याला ३० वॉटचा ट्यूब अँप पुरतो म्हणून आपल्यालाही तेवढ्यात भागेल असं अजिबात नाही, बेसची ई तार ४१ हर्ट्झला वाजते आणि इतका खालचा आवाज ड्रम्सच्या बरोबरीने ऐकू यायचा तर भरपूर पॉवर लागते, त्यामुळे हेड (स्पीकर नसलेला नुसता अँप) ३०० ते ५०० वॉटचं बघा. क्लास डी, म्हणजे हलक्या स्विचिंग सर्किटचं, घेतलंत तर वजन दोन-तीन किलोच, बॅगेत मावतं.

खरा घोळ ओहममध्ये, म्हणजे कॅबिनेटच्या विद्युत रोधात, होतो. ८ ओहमचे दोन कॅब (स्पीकरचे कॅबिनेट) पॅरलल जोडले की हेडवरचा एकूण लोड ४ होतो, ४ चे दोन जोडले की २, आणि हेडच्या मागे मिनिमम ४ ओहम छापलेलं असेल तर २ वर चालवूच नका, हेड उडू शकतं. म्हणून पहिला कॅब ८ चाच घ्या, एकट्यावर पूर्ण पॉवर मिळत नाही पण पुढे दुसरा जोडता येतो. मला स्वतःला २ बाय १० (दहा इंची दोन स्पीकरचा कॅब) आवडतो, नोट स्पष्ट कळते. दोन असतील तर एकावर एक ठेवा, वरचा कानाजवळ येतो.

आणि हेड नि कॅबच्या मधे स्पीकर केबलच लावा, गिटारची केबल आतून बारीक असते, तापते. मोठ्या स्टेजवर हेडचा डीआय आउट (मिक्सरला सिग्नल द्यायचं आउटपुट) थेट मिक्सरला द्या.