सिरॅमिक कलाकृती दालनात मांडताना: नागपूरच्या हवेचा हिशेब धरून

सिरॅमिकची कलाकृती फुटते ती बहुतेक करून उचलताना, नाहीतर ठेवल्या जागेवरून हळूहळू सरकून. त्यामुळे मांडणीचा विचार बुडापासून सुरू करा. वस्तू किती ठिकाणी टेकते, वजन नेमकं कुठे पडतं, आणि धक्का लागला तर ती कुठल्या बाजूला कलेल, हे आधी बघा.

त्याआधी माती ओळखा. टेराकोटा साधारण ९०० ते १०५० अंश सेल्सिअसला भाजतात, ते सच्छिद्र राहतं. राकूही (भट्टीतून तापलेली असतानाच बाहेर काढलेली भांडी) तसंच. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांपर्यंत जातं, म्हणून घट्ट होतं आणि पाणी फारसं पीत नाही. मेण, ओल आणि धूळ यांबाबतची पुढची सगळी काळजी या एका फरकावर ठरते. भाजणीचं तापमान, ग्लेझ (मातीवरचा काचेसारखा लेप) आणि सांध्यात वापरलेला गोंद कलावंताकडून लिहूनच घ्या.

मे महिन्यात टेम्पोतून आलेली पेटी एसीच्या दालनात आणल्या आणल्या उघडू नका. चोवीस तास तशीच राहू द्या. नुसत्या स्टोनवेअरला फारसं काही होत नाही. मात्र मातीला लाकूड किंवा धातू इपॉक्सीने चिकटवला असेल, तर प्रत्येक पदार्थ वेगळ्या प्रमाणात आकसतो आणि सांधा सुटतो. उघडल्यावर सहा बाजूंनी फोटो काढा, मग बोटाच्या पेराने हलकेच वाजवून बघा. घट्ट भाजलेली अखंड वस्तू खणखणते. आत तडा असेल तर आवाज बद्द येतो. अशी वस्तू उघड्यावर मांडू नये.

उचलताना अंगठ्या, घड्याळ काढा. सुती हातमोजे ग्लेझवरून घसरतात. नायट्रिलचे घाला किंवा स्वच्छ, कोरडे हात वापरा. एक हात बुडाखाली, दुसरा पोटाला. कान, तोटी, काठ यांना धरून काहीही उचलायचं नाही, ती कितीही भक्कम दिसली तरी.

प्लिंथ, म्हणजे वस्तू ठेवायचा पोकळ चौथरा, १८ मिमी प्लायचा, उंची ७५ ते ११० सेंमी, आणि वस्तूच्या बुडाभोवती चारी बाजूंनी निदान १५ सेंमी मोकळी जागा. जुन्या दालनातली शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. लेव्हल लावून तपासा आणि प्लिंथखाली पाचरी द्या. आत तळाशी २० ते ४० किलो वाळू ठेवा, म्हणजे मुलांचा धक्का लागला तरी प्लिंथ डोलत नाही. कन्हानची वाळू सहज मिळते, पण ती धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवून, पिशव्या सीलबंद करूनच भरा. ओल राहिली तर प्लाय फुगतो. रंग दिल्यावर प्लिंथ निदान तीन आठवडे उघडा ठेवा. ताज्या प्लाय-रंगातून निघणारी आम्लं कमी भाजलेल्या मातीला बाधतात.

वस्तू जागेवर धरून ठेवायला म्युझियम वॅक्स, म्हणजे चिकट मऊ मेण, वापरतात. वाटाण्याएवढ्या तीन-चार गोळ्या बोटांत मळून मऊ करा, बुडाच्या कडेला लावा आणि वस्तू किंचित फिरवत दाबून बसवा. इथे नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. रात्री एसी बंद झाला की दालन तापतं, मेण मऊ पडतं आणि उंच, एका बाजूला झुकलेली वस्तू रोज थोडी थोडी सरकते. वजनदार किंवा ३० सेंमीपेक्षा उंच कामासाठी मेणावर विसंबू नका. ३ मिमी पितळी सळईचे आधार करा आणि त्यांवर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा, म्हणजे धातू मातीला घासत नाही. ग्लेझ नसलेल्या टेराकोटाला मेण थेट लावलं तर तेलकट डाग आत मुरतो आणि निघत नाही. मध्ये पॉलिस्टर फिल्मची चकती हवीच.

कूलर दालनात नकोच. त्याची दमट हवा दिवसभर, रात्री कोरडी, अशा चढउतारात टेराकोटातले क्षार विरघळून पृष्ठभागावर येतात आणि पांढरी, मऊ बुरशीसारखी पूड दिसते. ती पाण्याने पुसली की क्षार पुन्हा आत जातात; कोरड्या मऊ ब्रशने काढा आणि हवेचा ओलावा स्थिर ठेवा. पांढरा ठिपका मध्यभागी असलेला छोटा खड्डा पडला असेल तर कारण वेगळं: मातीतला चुनखडीचा खडा भट्टीत कळीचा चुना होतो, पावसाळ्यात ओल पिऊन फुगतो आणि पापुद्रा उडवतो. यावर दालनात उपाय नाही; पापुद्रा जपून ठेवा, कलावंताला कळवा. राकूची तांबूस धातुई झळाळीही ओलाव्याने मंदावते, तिला बंद काचपेटीच बरी.

भिंतीवरच्या मांडणीसाठी आधी १८ मिमी प्लायचा पाट भिंतीला पक्का करा आणि सगळं ड्रिलिंग वस्तू दालनात येण्याआधी संपवा. स्क्रू आणि माती यांमध्ये रबरी वायसर घाला. स्क्रू पूर्ण आवळायचा नाही. वस्तू हलायची थांबली की तिथेच सोडा.

भाजलेल्या मातीला उजेड बाधत नाही, ३०० लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचं माप) ठेवता येतो. ॲक्रिलिक रंग, कागद किंवा कापड जोडलेलं असेल तर ५० लक्स. तिरका प्रकाश द्या, नाहीतर ग्लेझवर दिव्याचंच प्रतिबिंब दिसतं.

अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, वस्तू काचेआड बघायची नागपूरकरांना सवय आहे. उघड्यावरचं सिरॅमिक दिसलं की हात आपसूक पुढे जातो, आणि त्यात गैर काही नाही. माती हाताचीच कला आहे. दाराशी एका ट्रेमध्ये टेराकोटा, स्टोनवेअर, राकू यांचे भाजलेले तुकडे कडा घासून ठेवा, खाली तापमान लिहा. दोन प्लिंथच्या मध्ये १.२ मीटर अंतर सोडा, व्हीलचेअरही सहज जाते.

उतरवताना वस्तू सरळ वर ओढू नका, बूड तुटतं. मेणाखालून तंगूस (नायलॉनची बारीक दोरी) करवतीसारखी सरकवा, मग फिरवत सोडवा. परतीची पेटी दुहेरी, दोन पेट्यांमध्ये ५ सेंमी फोम. थर्माकोलचे दाणे प्रवासात खाली बसतात आणि वस्तू पेटीच्या तळाला टेकते.