व्हिममध्ये कर्सर फिरवायला कसं शिकवावं

व्हिम म्हणजे टर्मिनलमध्ये, सगळं कीबोर्डवरूनच चालवायचा मजकूर-संपादक (एडिटर). तो शिकवताना पहिल्या तासात शिकणाऱ्याला एकही अक्षर टाइप करू देऊ नका. नुसतं फाइलमध्ये फिरू द्या. व्हिम उघडतो तो नॉर्मल मोडमध्ये, आणि तिथे प्रत्येक बटण म्हणजे एक हुकूम असतो. नवा माणूस सवयीने लिहायला जातो, भलत्याच ओळी पुसल्या जातात आणि त्याचा धीर सुटतो. शिवाय फिरण्याची बटणं पुढे संपादनातही लागतात. डब्ल्यू म्हणजे पुढचा शब्द हे हातात बसलं असेल, तर डी आणि डब्ल्यू म्हणजे तिथपर्यंतचं पुसणं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

तयारी

लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनल (आदेश टाइप करायची खिडकी) उघडून व्हिम, मग डॅश कॅपिटल एम, मग स्लॅश ईटीसी स्लॅश सर्व्हिसेस असा आदेश द्या. (या लेखात ‘कॅपिटल’ म्हटलंय तिथे शिफ्ट धरून, बाकी सगळीकडे छोटी अक्षरं.) डॅश कॅपिटल एममुळे फाइल बदलताच येत नाही. चुकून आय (लिहायला सुरुवात करायचं बटण) दाबलं तर ई21 ही एरर येते, बाकी काही बिघडत नाही. सर्व्हिसेस ही फाइल बहुतेक मशिनवर आधीपासूनच असते. त्यात नेटवर्क सेवांची नावं आणि पोर्ट क्रमांक असतात. शब्द, आकडे आणि चिन्हं एकत्र असल्यामुळे सरावाला ती फार सोयीची पडते.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर काही वेळा व्हिमची अगदी छोटी आवृत्ती असते. तिच्यात लिहिताना बाणाचं बटण दाबलं की ए, बी, सी, डी अशी अक्षरं उमटतात. म्हणून ‘व्हिम’ हे पूर्ण पॅकेज आधीच टाकून घ्या.

मराठी कीबोर्ड बंद करायला विसरू नका. इन्स्क्रिप्ट चालू असेल तर ‘जे’ दाबल्यावर व्हिमला ‘र’ मिळतो आणि के दाबल्यावर ‘क’. नॉर्मल मोडमध्ये त्यांना काही अर्थ नाही, त्यामुळे कर्सर जागचा हलत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं, व्हिम अडकला.

शेवटी कोलन, सेट नंबर, एंटर. ओळींचे क्रमांक दिसू लागतील.

आधी बाहेर पडणं

एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. हे तीनदा करवून घ्या. बाहेरचा रस्ता माहीत झाला की माणूस निवांत प्रयोग करतो.

एच, जे, के, एल: पाच मिनिटं, जास्त नाही

एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. जेच्या बटणावर बारीक उंचवटा असतो. उजव्या हाताची तर्जनी तिथे ठेवली की बाकीची बटणं न बघता सापडतात. ही चार अक्षरं फार विचार करून शोधलेली आहेत असं सांगू नका. प्रोग्रॅमर बिल जॉय यांनी 1970च्या दशकात व्हीआय (व्हिमचा पूर्वज) लिहिला तो एडीएम-3ए टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड असलेल्या जुन्या यंत्रावर, आणि त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार बटणांवर छापलेले होते. 1991मध्ये आलेल्या व्हिमने ती पद्धत तशीच पुढे चालवली.

बाणाची बटणं पहिल्याच दिवशी बंद करून टाकणारे शिक्षक असतात. त्याने फक्त चिडचिड वाढते. खरा वेग या चार बटणांत नाहीच, तो पुढच्या बटणांत आहे.

इथली नेहमीची गडबड म्हणजे कॅप्स लॉक. कॅपिटल जे खालची ओळ वरच्या ओळीला जोडतं. आपली फाइल बंदिस्त असल्यामुळे एरर येईल, आणि तीच ‘कॅप्स लॉक बघ’ म्हणायची वेळ. कॅपिटल के दाबलं तर कर्सरखालच्या शब्दाचं मॅन्युअल उघडायला जातं.

शब्दांवरून उड्या

डब्ल्यू पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला नेतं, बी मागे आणतं, ई शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर ठेवतं. आता एसएसएचची (दूरच्या मशिनवर लॉगिन करायच्या सेवेची) ओळ काढा. तिथे 22/tcp असं लिहिलेलं असतं... म्हणजे 22, तिरकी रेघ आणि टीसीपी. डब्ल्यू यात तीनदा थांबतं, कारण आकडे-अक्षरं आणि चिन्हं व्हिम वेगवेगळी मोजतो. कॅपिटल डब्ल्यू फक्त मोकळी जागा बघतं आणि एका उडीत पलीकडे जातं. हा फरक तोंडी सांगू नका, दोन्ही बटणं त्याच ओळीवर दाबायला लावा.

शून्य म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलरचं चिन्ह म्हणजे शेवट.

लांबच्या उड्या

जी दोनदा दाबलं की फाइलची सुरुवात, कॅपिटल जी म्हणजे शेवट. 40 टाइप करून कॅपिटल जी दाबलं की ओळ 40. आकडा आधी आणि बटण नंतर, हा क्रम ठसवा. आकडा टाइप करून विचार बदलला तर एस्केप दाबायचं. नाहीतर पुढचं साधं जे एकदम 40 ओळी खाली नेतं.

स्लॅश, शोधायचा शब्द, एंटर. एन पुढचा, कॅपिटल एन मागचा. शेवटाला पोहोचल्यावर शोध पुन्हा वरून सुरू होतो आणि खाली तसा संदेश येतो. तो पुष्कळांना एरर वाटतो. त्याच ओळीतल्या अक्षरापर्यंत जायचं असेल तर एफ आणि ते अक्षर. अर्धविराम दाबला की तेच पुन्हा. लांब उडी चुकली तर कंट्रोल-ओ मागच्या ठिकाणी आणतं. मात्र जे-केने चाललेलं अंतर त्यात धरत नाहीत.

‘अडकला’ असं वाटतं तेव्हा

कंट्रोल-एस चुकून दाबलं तर अनेक टर्मिनलं गोठतात, कंट्रोल-क्यूने सुटतात. कंट्रोल-झेडने व्हिम नाहीसा होतो, पण तो बंद झालेला नसतो. एफजी लिहून एंटर केलं की परत येतो. खाली ‘रेकॉर्डिंग’ दिसत असेल तर क्यू दाबलं गेलंय, ते पुन्हा दाबा.

सराव

शेजारी बसा, पण कीबोर्डला हात लावू नका. तोंडी ठिकाणं सांगा: ओळ 40, मग त्या ओळीचा तिसरा शब्द, मग ‘डोमेन’ची ओळ, मग जिथून आलात तिथे परत. एकच नियम: एच किंवा एल सलग चारपेक्षा जास्त वेळा दाबलं गेलं की थांबवा आणि दुसरा रस्ता विचारा. उत्तर आपण सांगू नका. डब्ल्यू, एफ की डॉलर, ते त्यालाच आठवू द्या.

मराठी मजकुराच्या फाइलवर सराव घ्यायचा असेल तर एक अडचण येईल. लांब परिच्छेद बहुतेकदा एकच ओळ असतो, पडद्यावर तो पाच-सहा ओळींत दुमडलेला दिसतो. ‘जे’ बटण तो सगळा ओलांडून पुढच्या परिच्छेदात नेतं. पडद्यावरच्या एकेक ओळीने उतरायला जी आणि मग जे, चढायला जी आणि मग के.

हे जमल्यावर टर्मिनलमध्ये व्हिमट्यूटर सुरू करा. साधारण अर्ध्या तासाचा पाठ आहे, आणि तो मूळ मजकुराची प्रत उघडतो, त्यामुळे तिथे डी, एक्स, आय काहीही दाबलं तरी चालतं.