कडाक्याच्या थंडीत बोन्सायची कुंडी सांभाळताना

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. गच्चीतल्या लोखंडी मांडणीवरच्या बोन्सायकडे मात्र कुणी बघत नाही. शेतातल्या झाडाच्या मुळांना खालच्या जमिनीची ऊब मिळते. बोन्सायच्या ट्रेमध्ये माती जेमतेम दोन-तीन इंच, तिला चारही बाजूंनी आणि बुडाकडूनही गारठा लागतो. थंडीचा दणका खोडापेक्षा मुळांना लवकर बसतो, तेव्हा पानांआधी कुंडीची काळजी घ्या.

धोक्याची रात्र ओळखता येते: आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी. अशा रात्री जमिनीलगतचा पारा हवामान केंद्राच्या आकड्यापेक्षा दोन-चार अंशांनी खाली असू शकतो, कारण केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर हिमकण दिसतात ते यामुळेच. ढगाळ रात्री एवढी धावपळ नको.

संध्याकाळी कुंड्या मांडणीवरून उतरवून दक्षिण किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत, छपराखाली, मातीवर ठेवा. अंगणाचा सखल कोपरा टाळा. गार हवा उताराने तिथेच साचते. कुंड्या एकमेकींना चिकटवून मधल्या फटींत वाळलेला पाला किंवा नारळाचा काथ्या भरा. वरून गोणपाट किंवा जुनी चादर काठ्यांवर अशी टाका की पानांना टेकणार नाही आणि कडा जमिनीपर्यंत येतील. प्लॅस्टिक पानांना चिकटलं तर नेमकी तिथलीच पानं करपतात. ऊन आलं की पांघरूण काढा. शेकोटीची धग मात्र या नाजूक फांद्यांजवळ आणू नका.

पाणी सकाळी ऊन वर आल्यावर द्या. ओलसर माती दिवसाची ऊब धरते, पण चिखल झाला तर मुळकुज होते. अडेनियम आणि जेड या खोड-पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांना तर रोजच्या सवयीने नव्हे, माती कोरडी झाल्यावरच पाणी. नत्राचं खत, मोठी छाटणी, कुंडीबदल, सगळं उन्हं तापेपर्यंत थांबवा.

सगळ्याच झाडांना आत घेण्याची घाई करू नका. वड, उंबर, चिंच, बोगनवेल, अडेनियम यांना जपायला हवं; जुनिपर आणि चायनीज एल्म ही थंड हवेची झाडं आपल्याकडची थंडी बाहेरच सोसतात, उलट बंद खोलीत जुनिपर खंगतो. पिंपळाने पानं टाकली म्हणजे तो मेला असं नाही.

कुंडी तडकण्याची भीती आपल्याकडे फारशी नाही, कारण मातीच गोठत नाही. हिमाचलात, युरोपात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. तोंडाशी आत वळलेल्या कुंडीत गोठलेल्या मातीला वर सरकायला वाव नसतो, म्हणून ती आधी फुटते. कमी भाजलेली, पाणी शोषणारी मातीची कुंडीही पापुद्रे सोडते. तिथे पसरट तोंडाच्या, उच्च तापमानाला भाजलेल्या कुंड्याच घ्या.

पानं काळवंडलीच तर झाडाला लगेच कडक उन्हात नेऊ नका, कोमट पाणीही ओतू नका. करपलेले शेंडे फेब्रुवारीअखेरपर्यंत तसेच राहू द्या. ते आतल्या डोळ्यांना, म्हणजे नवी पालवी फुटते त्या कोंबांना, थोडा आडोसा देतात. मग नखाने साल खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर तिथपर्यंत छाटा, आणि नवी पालवी फुटेपर्यंत खताला हात लावू नका.