कमी ऐकू येणाऱ्या आजी-आजोबांशी बोलताना

ऐकू कमी येतंय म्हटल्यावर घरातले सगळे आवाज चढवतात आणि बोलणं आणखीच अवघड होऊन बसतं. वयोमानाने आधी कमी होते ती उंच पट्टीचे ध्वनी टिपण्याची ताकद. स, श, फ अशा व्यंजनांची ओळख बरीचशी त्याच पट्टीत असते. 'स'चा जोर साधारण ४००० हर्ट्झच्या वर असतो. आ, ओ, ऊ हे स्वर मात्र खालच्या पट्टीतले, म्हणून ते नीट पोहोचतात. 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही' ही तक्रार अगदी खरी असते. ओरडल्याने मुख्यतः स्वर वाढतात, व्यंजनं त्यांच्याखाली दबतात. शिवाय अशा कानांना मोठा आवाज लवकर बोचतो, आणि आपण चिडलोय असं वाटतं ते वेगळंच.

आधी टीव्ही, मिक्सर बंद करा. नावाने किंवा नात्याने हाक मारून त्यांनी आपल्याकडे पाहीपर्यंत थांबा. मग साधारण एक मीटरवर, समोर बसा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. ओरडण्यापेक्षा जवळ जाणं कधीही बरं. उजेड आपल्या चेहऱ्यावर हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर ओठ दिसत नाहीत.

ओठ दिसणं फार महत्त्वाचं आहे. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं, की आवाज 'बा'चा आणि ओठांची हालचाल 'गा'ची असेल, तर बहुतेक प्रौढांना 'दा' ऐकू येतं. म्हणजे मेंदू डोळे आणि कान दोन्हींवरून शब्द जुळवतो. पण ओठांवर सगळंच कळत नाही: 'पाय' आणि 'माय' अगदी सारखे दिसतात. अशा वेळी संदर्भ कामी येतो, म्हणून विषय आधी सांगा: "दवाखान्याचं सांगते. सोमवारी जायचंय." तोंड वेडंवाकडं ताणू नका, नेहमीपेक्षा जरा सावकाश बोला, वाक्य संपलं की क्षणभर थांबा.

एकदा सांगून कळलं नाही तर तेच शब्द पुन्हा म्हणा. दुसऱ्यांदाही नाही, तर शब्द बदला. 'तपासणी' अडला तर 'डॉक्टरांना दाखवायचंय' म्हणा.

आकड्यांना जपा. सात-साठ, एकोणसाठ-एकोणसत्तर यांची गल्लत सहज होते. 'साठ, सहा-शून्य' असं फोडून सांगा. गोळ्यांच्या वेळा तर ठळक अक्षरांत लिहूनच द्या. "कळलं का?" विचारलं तर संकोचाने "हो" येतं. त्याऐवजी "मग रात्री कोणती गोळी घ्यायची?" असं विचारा, म्हणजे काय पोहोचलं ते लगेच समजेल.

कान मळानेही बंद होऊ शकतो, पण पिन घालून कोरू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर वयाचा दोष समजून थांबू नका, त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठा.