अमेरिकन कुटुंबांचे आकडे वाचताना

सुरुवात व्याख्येपासून करा. अमेरिकेची जनगणना करणाऱ्या सेन्सस ब्युरोच्या लेखी एका घरात राहणारी सगळी माणसं मिळून 'हाउसहोल्ड'. 'फॅमिली' ठरायला मात्र रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तकाचं नातं असलेली किमान दोन माणसं लागतात. म्हणजे लग्न न करता एकत्र राहणारं, मूल नसलेलं जोडपं फॅमिलीत धरलंच जात नाही. 'कुटुंबं कमी झाली' म्हणणाऱ्यांची गल्लत बरेचदा इथेच होते.

मग ब्युरोच्या संकेतस्थळावर एमएस-2 हा तक्ता उघडा. पहिल्या लग्नाचं मध्यक वय (निम्म्यांचं लग्न त्याआधी, निम्म्यांचं त्यानंतर) त्यात मिळतं. 1956 मध्ये पुरुषांचं 22.5, स्त्रियांचं 20.1, 2023 मध्ये 30.2 आणि 28.4. एवढंच पाहिलं तर परंपरा मोडल्यासारखी वाटते. पण 1890 चा आकडा बघा: पुरुष 26.1, स्त्रिया 22. अपवाद आहे तो 1950 च्या दशकाचाच! दुसऱ्या महायुद्धानंतरची तेजी, परतलेल्या सैनिकांसाठीच्या 1944 च्या 'जीआय बिल' कायद्याच्या सवलती, स्वस्त गृहकर्जं यांनी लवकर संसार थाटणं परवडू लागलं. ती कर्जं कृष्णवर्णीय वस्त्यांना बहुतांशी नाकारली गेली, म्हणून उपनगरातलं ते चौकोनी कुटुंब सगळ्या अमेरिकेचं समजू नका.

कायद्याचा परिणाम तपासायचा तर आलेखावर कायद्याच्या वर्षाची उभी रेघ मारा आणि चढ तिच्या आधी सुरू झाला का ते पाहा. दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा 1970 मध्ये लागू झाला; देशातलं घटस्फोटाचं प्रमाण 1960 च्या दशकातच वाढू लागलं होतं आणि 1980 च्या सुमारास शिखर गाठून उतरलं. स्त्रियांची नोकरी, पगार हेही हिशेबात घ्यावेच लागतात. एका वर्षातल्या घटस्फोटांना त्याच वर्षातल्या लग्नांनी भागून 'निम्मी लग्नं मोडतात' म्हणू नका. ती जोडपी वेगवेगळी असतात.

एकत्र कुटुंबांबाबत जास्त जपून. ब्युरो तीन पिढ्या मोजतो, प्यू रिसर्च सेंटर ही संशोधन संस्था दोन प्रौढ पिढ्यांनाही धरते. प्यूच्या हिशेबाने अशा घरांत राहणारे 1971 मध्ये 7 टक्के होते, 2021 मध्ये 18. महाग घरं, म्हाताऱ्यांची देखभाल आणि 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर आशिया-लॅटिन अमेरिकेतून आलेले लोक, तिन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. शिवाय ब्युरोच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या पाहणीत दोन महिन्यांहून जास्त मुक्काम असलेला माणूस घरात धरतात, त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला पुण्याहून चार महिन्यांसाठी गेलेली आजीही त्या घरातली तिसरी पिढी ठरू शकते.